उष्टावणाची वाटी

घरात मूल सहा महिन्यांचे झाले की उष्टावणाची गडबड सुरू होते. मामाला निरोप जातो, पंचांग उघडले जाते, खिरीसाठी तांदूळ निवडले जातात. आणि या धांदलीत एक लहानसा प्रश्न हळूच पुढे येतो. बाळाला पहिला घास कोणत्या भांड्यातून भरवायचा? बेळगाव असो, बडोदे असो की इंदूर असो, मराठी घरांतून या प्रश्नाला आज दोन उत्तरे मिळतात, आणि पुष्कळदा ती एकाच माजघरात समोरासमोर येतात.

अशा एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. आजीने माळ्यावरच्या पेटीतून पितळेची वाटी काढली आहे आणि चिंचेने घासून ती सोन्यासारखी लखलखीत केली आहे. "अगं, याच वाटीतून तुझा नवरा जेवला, त्याची आत्या जेवली. कुणाला काही झालं का?" असे ती सुनेला विचारते. सून आपल्या खोलीतून एक खोका घेऊन येते. त्यात फिक्या हिरव्या रंगाची ताटली, वाटी आणि चमचा आहे. खोक्यावर बांबूच्या पानांचे चित्र आहे, आणि वस्तू मातीत मिसळून जाणारी असल्याची ग्वाही आहे. "पण आई, हे बांबूचं आहे. यात प्लॅस्टिक नाही," असे तिचे म्हणणे. एकीचा विश्वास जुन्यावर आहे, दुसरीचा नव्यावर. परंतु मुळाशी दोघींची श्रद्धा एकच आहे. जे निसर्गाचे आहे ते बाळाला बाधणार नाही, ही ती श्रद्धा होय. ती कितपत खरी आहे, हे पारखून पाहणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, आणि त्यानंतर ते दूध चालू ठेवूनच वरचे अन्न सुरू करावे. आरंभी दिवसातून दोन-तीन वेळा, आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा. सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत सुमारे ५४० दिवस होतात. दिवसाला तीन जेवणे धरली तरी मूल सोळाशेहून अधिक वेळा त्याच वाटीतून जेवते. ते नुसते जेवत नाही, तर वाटी चाटते, चमचा चावते, ताटलीची कड हिरड्यांवर घासते. त्याचे वजन अवघे सात-आठ किलो, आणि यकृत व मूत्रपिंडे अजून कोवळी. मोठ्या माणसाच्या शरीरात पचून जाणारा अंश त्याच्या शरीरात साठून राहू शकतो.

पितळेच्या वाटीचा विचार प्रथम करावा, कारण तिच्यामागे एक दुःखद इतिहास आहे. काही दशकांपूर्वीपर्यंत आपल्या देशात लहान मुलांना यकृताचा एक भयंकर विकार होत असे. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलाचे पोट फुगू लागे, यकृत दगडासारखे कठीण होई, कावीळ दिसू लागे, आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. वैद्यकात हा विकार इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस या नावाने ओळखला जातो. या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा आढळे. हे तांबे येते कोठून, याचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह घेतला. मुलांच्या आहाराची बारकाईने चौकशी केल्यावर एक समान धागा हाती लागला. या मुलांना फार लवकर वरचे दूध दिले गेले होते, आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले व साठविलेले होते. ही मीमांसा १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दुधातील केसीन हे प्रथिन पितळेतील तांबे ओढून धरून ठेवते, हेही पुढे प्रयोगाने दिसून आले.

असाच प्रकार युरोपातही घडलेला होता. ऑस्ट्रियाच्या टिरोल या डोंगराळ प्रदेशात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने मृत्यू पावल्याची नोंद आहे. तेथेही गाईचे दूध तांब्याच्या भांड्यांत तापविण्याची रीत होती. तेथील काही कुटुंबांत या विकाराकडे आनुवंशिक कल असावा, असेही दिसले. म्हणजे भांडे सर्वांचे सारखे असले, तरी बाधा सर्वांना सारखी होत नव्हती. आपल्याकडे पितळेची जागा स्टीलने व ॲल्युमिनियमने घेतली, तसा हा विकार ओसरत गेला, आणि आज तो क्वचितच दृष्टीस पडतो.

"कुणाला काही झालं का?" या आजीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ज्या घरांत झाले, त्या घरांतले मूल त्या वाटीची आठवण सांगायला उरले नाही. ज्या घरांत झाले नाही, तेथे बहुधा बाळ दीर्घकाळ आईच्या दुधावर होते, किंवा भांड्याला वेळच्या वेळी कल्हई होत होती. आजीच्या आईला हे पक्के ठाऊक होते. गल्लीत कल्हईवाल्याची हाक आली की भाता, कोळसे आणि नवसागराचा धूर यांभोवती मुलांचे कोंडाळे जमे, आणि घरातली पातेली चांदीसारखी पांढरी होऊन परत येत. आज पितळ पुन्हा हौसेने विकत घेतले जाते. परंतु कल्हईवाला दुर्मिळ झाला आहे, आणि कथिलात शिशाची भेसळ नाही याची खात्री कोणी द्यावी? शिसे तर कोणत्याही अल्प प्रमाणात मुलाला निर्धोक असल्याचे ज्ञात नाही. तेव्हा दूध, ताक, वरणातले आमसूल किंवा लिंबाचा रस पितळेत बाळासाठी ठेवू नये, हे उत्तम.

मग सुनेचा पक्ष बरोबर ठरतो काय? दुर्दैवाने तोही सर्वस्वी ठरत नाही. साच्यातून काढलेल्या अशा गुळगुळीत 'बांबूच्या' ताटल्यांत बांबूची केवळ पूड असते. ती पूड एकत्र धरून ठेवणारे द्रव्य बहुधा मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बनलेली राळ असते. म्हणजे ती ताटली प्लॅस्टिकचीच, बांबू तिच्यात भरताड म्हणून आलेला. अन्न फार गरम किंवा आंबट असले तर या राळेचे अंश अन्नात उतरतात, आणि बांबूच्या पुडीने राळ अधिक लवकर झिजते. जर्मनीतील जोखीम-मूल्यमापन संस्थेने २०२० साली असा इशारा दिला की, सत्तर अंशांहून अधिक तापलेल्या पदार्थांसाठी अशी भांडी वापरू नयेत. युरोपीय संघात प्लॅस्टिकमध्ये बांबूची पूड मिसळण्यास अनुमती नाही, आणि २०२१ साली तेथील बाजारातून अशी भांडी हटविण्याची मोहीम निघाली. शिवाय ही ताटली मातीत मिसळत नाही, आणि वितळवून पुन्हा वापरताही येत नाही. अखंड बांबू किंवा लाकूड ओळखणे अवघड नसते. त्याचे तंतू, त्याच्या रेषा डोळ्यांना दिसतात. साच्यातल्या वस्तूला अशी रेषा नसते, सर्वत्र सारखे ठिपके असतात.

उघड्या प्लॅस्टिकची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. पॉलिकार्बोनेटमधील बिस्फेनॉल-ए या द्रव्यामुळे युरोपीय संघाने २०११ साली त्या प्लॅस्टिकच्या दुधाच्या बाटल्यांवर बंदी घातली. त्यानंतर पुढे आलेले पॉलिप्रॉपिलीनही निष्कलंक नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांना २०२० साली असे आढळले की, अशा बाटल्यांत गरम पाण्याने दूध तयार केल्यास एका लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत सूक्ष्म कण सुटू शकतात. त्या कणांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, याचा अभ्यास अजून चालू आहे. पण उष्णता व प्लॅस्टिक यांची गाठ बाळाच्या अन्नात पडू न देणे एवढे शहाणपण प्रत्येक घराला साधण्यासारखे आहे.

गोवा, कोकण आणि मलनाड या भागांत सुपारीच्या झाडाच्या गळून पडलेल्या विरीपासून ताटल्या दाबून काढतात. त्या खरोखरच मातीत मिसळतात, आणि समारंभातल्या प्लॅस्टिकला तो चांगला पर्याय मानला गेला. परंतु सुपारीतील अल्कलॉइडे या ताटल्यांतून अन्नात उतरू शकतात, या कारणास्तव अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली त्यांच्याविरुद्ध सूचना काढली. मोठ्यांच्या एखाद्या पंगतीची गोष्ट निराळी. तान्ह्या मुलाच्या रोजच्या जेवणाला मात्र ती ताटली न वापरणेच इष्ट.

आता प्रश्न उरतो तो हा की, बाळाने जेवावे तरी कशात? उत्तर बहुतेक घरांच्या मांडणीवर आधीपासूनच आहे. ते म्हणजे स्टेनलेस स्टीलची साधी वाटी. चांगल्या स्टीलमध्ये सुमारे अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असते. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अदृश्य, अत्यंत पातळ थर तयार होतो. तोच गंज थोपवितो आणि आंबट पदार्थाला धातूपर्यंत पोहोचू देत नाही. ही वाटी फुटत नाही, उकळता येते, तिच्यात वास राहत नाही. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील उत्तम, अशी एक समजूत आहे, पण ती विश्वसनीय नाही. हलक्या, मँगनीजयुक्त स्टीललाही चुंबक पुष्कळदा चिकटत नाही. नवे भांडे घ्यायचेच असेल, तर भारतीय मानक संस्थेचा आय. एस. आय. शिक्का पाहावा. वाटीची कड आत वळविलेली व गुळगुळीत असावी, बूड रुंद असावे, आतून रंग किंवा मुलामा नसावा. चमचा लहान, उथळ आणि बोथट असावा. धातू लवकर तापतो, म्हणून खीर किंवा पेज मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिल्यावाचून भरवू नये.

चांदीची वाटी व बोंडले यांनाही आडकाठी नाही. मात्र ती हॉलमार्कची असावीत. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी मुळीच नसते; त्यात तांबे, निकेल व जस्त असते. बोंडल्याच्या चोचीतील खाच घासून, उकळून घेतली पाहिजे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, असे डॉक्टर सांगतात, ते याच कारणाने. बाटलीचे कोपरे स्वच्छ होत नाहीत, आणि अतिसाराला तेवढी फट पुरते. बाळाची वाटी वेगळी असावी, याला आणखी एक कारण आहे. त्याने किती खाल्ले, हे आईला त्याच वाटीवरून कळते.

पृथ्वीशी सख्य राखणाऱ्या वस्तूची पारख खोक्यावरच्या पानाच्या चित्राने होत नाही. ती वस्तू किती वर्षे टिकते, किती मुलांच्या कामी येते, आणि निकामी झाल्यावर तिचे काय होते, यावरून ती पारख होते. स्टीलची वाटी तीन पिढ्या चालते, आणि शेवटी मोडीत गेली तरी वितळून पुन्हा भांडे होते. जी वाटी घरात आहेच, तिच्यासाठी नवी खाण खोदावी लागत नाही आणि नवा खोकाही उघडावा लागत नाही.

अशा घरातला वाद मग सहज मिटू शकतो. पितळेची वाटी देव्हाऱ्यात अक्षतांसाठी ठेवावी. तेथे तिचा मान कमी होत नाही. हिरवी ताटली कोरड्या चुरमुऱ्यांपुरती किंवा भातुकलीपुरती राहावी. आणि मांडणीवरच्या भांड्यांतून बाळाच्या वडिलांच्या बारशाला मिळालेली, बुडाशी नाव व तारीख घातलेली स्टीलची वाटी खाली काढावी. मामाने त्या वाटीतली खीर बाळाच्या ओठांना लावली, म्हणजे आजीचा वारसाही राहतो, सुनेची काळजीही राहते, आणि ज्याच्यासाठी हा सारा विचार, ते मूलही सुरक्षित राहते.