पिढ्यांनी मिळून ठेवायच्या नोंदी

(शहागड येथील वार्षिक स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)



परिस्थितिकी म्हणजे सजीवांचे एकमेकांशी आणि भोवतालच्या माती, पाणी, हवेशी असलेले संबंध अभ्यासणारे शास्त्र होय. यांतील काही संबंध एका पावसाळ्यात उलगडतात, तर काही उलगडण्यास पन्नास वर्षेही अपुरी पडतात. म्हणूनच एकाच जागी, एकाच पद्धतीने, दशकानुदशके मोजमाप करीत राहण्याची एक स्वतंत्र शाखा निर्माण झाली असून तिला दीर्घकालीन परिस्थितिकी संशोधन असे म्हटले जाते. मोजणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीपेक्षा मोजणीचे आयुष्य मोठे असावे लागते, ही या शाखेची खरी अडचण आहे आणि तिचे सामर्थ्यही त्यातच आहे.

या शास्त्राची निकड समजण्यासाठी शहागडच्या विद्यार्थ्याला दूर जावे लागत नाही. गोदावरीच्या डाव्या तीरावरील या गावाच्या वरच्या अंगाला पैठण येथे जायकवाडीचे धरण आहे; १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. तेव्हापासून येथील पात्रातील पाणी केवळ पावसावर अवलंबून न राहता धरणाच्या दरवाजांवरही अवलंबून राहिले. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा साठा मृतसाठ्याच्या, म्हणजे दरवाजांवाटे आपोआप बाहेर पडू न शकणाऱ्या पाण्याच्या पातळीखाली गेला होता, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच धरणाच्या विसर्गामुळे काठावरच्या गावांनी महापूर अनुभवला. या दोन टोकांमध्ये पात्रातील मासे, वाळूत अंडी घालणारे नदी सुरय, काठावरच्या विहिरी आणि गाळपेरीची जमीन यांचे काय होत गेले, याचे उत्तर वडीलधाऱ्यांच्या आठवणींतून काही अंशी मिळते. मात्र आठवणीतून बदलाची दिशा कळते, त्याचे प्रमाण कळत नाही. वाळूच्या उपशाने पात्र किती खोल गेले, हा वाद मोजलेल्या आकड्यांवाचून वर्षानुवर्षे वादच राहतो.

जुन्या नोंदींचे मोल कित्येकदा ती नोंद सुरू करणाऱ्यालाही ठाऊक नसते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून खतांचा परिणाम तपासण्यासाठी गव्हाचा प्रयोग चालू असून तेथील धान्य, काड आणि मातीचे नमुने वाळवून जपून ठेवलेले आहेत. पेशींतील आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, ओळखण्याचे तंत्र पुढे विकसित झाले तेव्हा संशोधकांनी त्या जुन्या काडातील बुरशींचे अंश तपासले, आणि गव्हावरील दोन रोगकारक बुरशींचे परस्पर प्रमाण कारखान्यांच्या धुरातील सल्फर डायऑक्साइडच्या चढउतारांबरोबर बदलत गेल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध केले. सुरुवातीचे नमुने भरून ठेवणाऱ्यांच्या काळात डीएनए हा शब्दही नव्हता. त्यांनी केवळ प्रत्येक नमुन्यावर वर्ष आणि वाफ्याची खूण न चुकता लिहिली होती, आणि तेवढ्यामुळे हे संशोधन शक्य झाले. याच जातीचे काम शेजारी परभणीत, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, दीर्घकालीन खत प्रयोगाच्या अखिल भारतीय योजनेखाली काळ्या जमिनीवर सोयाबीन आणि करडईच्या पीकक्रमात चालते, याची जाणीव मराठवाड्यातील फार थोड्या विद्यार्थ्यांना असते.

नोंद ठेवणे आणि ती वापरण्याजोगी ठेवणे यांत मोठे अंतर आहे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. समजा, अशा एखाद्या विहिरीत पाण्याची खोली कठड्याच्या माथ्यापासून मोजली जात होती, आणि मधल्या काळात मालकाने तो कठडा दोन फुटांनी वाढवला. ही बाब नोंदवहीत आली नाही, तर पुढच्या अभ्यासकाला पाणी दोन फूट खाली गेल्याचे दिसेल, आणि प्रत्यक्षात कठडाच तेवढा वर गेलेला असेल. म्हणून आकड्याबरोबरच तो कोठून, कोणत्या साधनाने, कोणत्या वेळी, कोणी आणि कोणत्या संदर्भबिंदूपासून मोजला हेही लिहावे लागते. माहितीविषयीच्या या माहितीस मेटाडेटा म्हणतात. मेटाडेटा लिहिण्याचे काम कंटाळवाणे वाटते आणि म्हणूनच ते प्रथम टाळले जाते, परंतु दीर्घकालीन संशोधनात याहून अधिक महत्त्वाचे काम क्वचितच असेल. मूळ नोंद कधीही न खोडणे, दुरुस्ती तारीख घालून वेगळी लिहिणे, ‘मोजले नाही’ आणि ‘शून्य आढळले’ यांत भेद करणे, आणि प्रती किमान दोन निराळ्या ठिकाणी ठेवणे, ही शिस्त कागदाच्या वहीला जितकी लागू आहे तितकीच संगणकावरील तक्त्यालाही.

एका माणसाला हे सारे झेपणारे नसल्यामुळे सहकार्य येथे ऐच्छिक राहत नाही. भारतातील पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा राष्ट्रीय अहवाल तेरा संस्थांनी मिळून तयार केला आणि त्याचा आधार होता तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी दिलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींचा. यांतील बहुसंख्य लोक व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हते. तरीही किती वेळ पाहिले, किती अंतर चालले आणि दिसलेले सर्व पक्षी लिहिले की निवडकच, हे त्यांनी ठरलेल्या रीतीने नोंदवल्यामुळे ९४२ जातींविषयी अनुमान काढता आले. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तेथे येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांना पात्रातल्या पाणथळ जागाही मोकळ्या असतात, हे ध्यानात घेता नदीकाठच्या शाळेने ठेवलेली अशी यादी मोलाचीच ठरेल.

केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१५ मध्ये दीर्घकालीन परिस्थितिकी वेधशाळांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यासाठी हिमालय, पश्चिम घाट, मध्य भारतातील वने, सुंदरबन, अंदमान-निकोबार असे आठ प्रदेश निवडले गेले. दख्खनच्या अवर्षणप्रवण पठाराला त्यात स्वतंत्र स्थान मिळाले नाही. ही उणीव खेदाची आहे, कारण पाण्याच्या टंचाईशी आणि पुराशी एकाच दशकात झुंजणाऱ्या प्रदेशाला अशा निरीक्षणांची गरज सर्वाधिक असते.

या क्षेत्रातील व्यवसायांची व्याप्ती समजली जाते त्याहून मोठी आहे. प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांच्याबरोबरच संख्याशास्त्र, भूविज्ञान, संगणकशास्त्र, उपग्रह प्रतिमांचे वाचन, उपकरणांची देखभाल आणि माहितीसाठ्याचे व्यवस्थापन जाणणाऱ्यांची येथे गरज भासते. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील परिस्थितिकी केंद्र, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि पुण्यातील उष्णदेशीय हवामान संस्था ही अशा कामाची काही ठिकाणे होत. बऱ्याच नेमणुका प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात, हे पालकांपासून लपवू नये. मात्र माहिती नीट सांभाळता येणाऱ्या व्यक्तीची गरज शेती, आरोग्य आणि जलसंपदा या क्षेत्रांतही असल्याने हे कौशल्य वाया जात नाही. उन्हात उभे राहून पातळी वाचणाऱ्या स्थानिक सहायकाचे नाव प्रकाशित नोंदसंचात आलेच पाहिजे, हा आग्रहही नव्या पिढीने धरावा. पूर्वी ती नावे सहसा गळून जात.

शहागडपुरते पाहिल्यास प्रारंभ लहान असू शकतो. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक, गावातील चार ठरलेल्या विहिरी आणि पुलाजवळची पक्षी पाहण्याची एक ठरलेली जागा, एवढ्यांची नोंद येत्या जूनपासून घेता येईल. पाऊस रोज सकाळी साडेआठला, विहिरी भूजल यंत्रणेच्याच चार महिन्यांत आणि पक्षी दर रविवारी, असा क्रम ठेवल्यास शाळेचे आकडे शासकीय आकड्यांशी ताडून पाहता येतील. नववीच्या वर्गाने नोंदी घ्याव्यात आणि दहावीत जाताना ती वही पुढच्या नववीला समजावून द्यावी. जैवविविधता कायदा, २००२ नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस वहीची एक प्रत त्या समितीकडे जमा करून पोच घ्यावी, आणि दुसरी शाळेच्या ग्रंथालयात, कुलूपबंद न ठेवता, मागेल त्याला वाचता येईल अशी ठेवावी.