ना लहान, ना मोठे: तरुण कॅन्सररुग्णांसाठी आपण काय करणार?

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



मित्र-मैत्रिणींनो, कॅन्सरवर कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. मला बोलायचं आहे ते औषधाव्यतिरिक्त लागणाऱ्या मदतीविषयी, आणि तेही तुमच्या वयाच्या, १५ ते २५ वर्षांच्या रुग्णांविषयी.

लहान मुलांसाठी मुंबईत चांगलं काम उभं राहिलं आहे. सेंट ज्यूड ही संस्था २००६ पासून बाहेरगावाहून उपचाराला आलेल्या मुलांना आई-वडिलांसह मोफत राहायला जागा देते. टाटा रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांच्या पुढच्या तपासण्यांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं. पण १९ वर्षांचा मुलगा कुठे बसतो? तो लहान मुलांत मोठा आणि मोठ्यांत लहान. ब्रिटनमध्ये ही अडचण ओळखून १९९० साली लंडनच्या एका रुग्णालयात किशोरवयीनांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. आपल्याकडे हा विचार अजून फार थोड्या ठिकाणी पोहोचला आहे.

समजा, मालेगावचा एक मुलगा आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. गुडघ्याच्या वर सूज आली. क्रिकेट खेळताना मार लागला असेल म्हणून दोन महिने मालिश झाली. शेवटी कळलं की हाडाचा कॅन्सर आहे. तो अब्बूंबरोबर परळला येतो. डॉक्टर बोलतात अब्बूंशी, मामू बोलतात डॉक्टरांशी आणि मुलगा बाहेर बाकावर बसलेला असतो. घरी सगळे म्हणतात, ‘गाठ आहे, निघून जाईल.’ पण त्याच्या हातात मोबाइल आहे. रिपोर्टवरचा शब्द तो रात्री एकटाच शोधतो आणि एकटाच घाबरतो.

म्हणून पहिली मदत ही, की त्याला खरं सांगा. आजाराचं नाव घ्या. १८ वर्षं पूर्ण झाली असतील, तर उपचाराला संमती देण्याचा हक्क कायद्याने त्याचाच आहे. आपल्या मोहल्ल्यात ‘ती बीमारी’ म्हणतात, नाव घेत नाहीत. त्याने आजार पळत नाही, फक्त रुग्ण एकटा पडतो.

दुसरी गोष्ट कागदांची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठायचं. रेशनकार्डावर मुलाचं नाव नाही किंवा आधारवर स्पेलिंग वेगळं आहे, एवढ्यावरून दिवस वाया जातात. रेल्वे कॅन्सररुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी भाड्यात सवलत देते, सोबत्यालाही देते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. ही माहिती असणारा एक पोरगा गावात असला तरी एका घरावरचं मोठं ओझं हलकं होतं.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. काही प्रकारच्या ब्लड कॅन्सरचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. तेवढ्यात मुलगा कॉलेजातून गळतो आणि मुलीचं शिक्षण तर कायमचंच थांबतं. बारावीपर्यंत मुक्त विद्यालय आहे, पुढे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नोट्स पोहोचवणारी एक मैत्रीण असली, तरी ‘मी बरी होऊन परत जाणार आहे’ हा भरवसा टिकतो.

चौथी गोष्ट बोलायला अवघड आहे, म्हणूनच बोलतो. केमोथेरपी आणि रेडिएशनच्या काही प्रकारांनी पुढे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते. मुलाचं वीर्य गोठवून ठेवता येतं. मुलीसाठीही उपाय आहेत, पण त्यांना जास्त दिवस लागतात. हे सगळं शक्यतो पहिल्या केमोच्या आधी विचारावं लागतं. अविवाहित पोराशी हे काय बोलायचं, असं म्हणून घरचे गप्प बसतात आणि वेळ निघून जाते. डॉक्टरांना विचारा. शरीयतची शंका असेल तर जाणत्या आलिमांनाही विचारा, पण त्याच आठवड्यात विचारा.

आणि रिश्ता? बऱ्या झालेल्या मुलीचा आजार लपवून निकाह लावायचा, मग आयुष्यभर तिने भीत राहायचं, हा तिच्यावर दुसरा जुल्म आहे. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही. बरे झालेले तरुण नोकऱ्या करतात, संसार करतात. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ साली मुंबईत ‘उगम’ हा गट सुरू झाला. बालपणी कॅन्सर झालेल्या आणि आता मोठ्या झालेल्या मुलांचा तो गट आहे. ‘माझंही असंच झालं होतं’ हे वाक्य डॉक्टर म्हणू शकत नाही, असा मित्रच म्हणू शकतो.

आता आपल्या दीनच्या बाजूने तीन गोष्टी. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. केमो चालू असताना मुलगी रोजा धरत नसेल, तर तिला टोमणे मारू नका. आजाऱ्याची विचारपूस, इयादत, ही सुन्नत आहे. पण केमोनंतर पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा वीस जणांची गर्दी आणि एकाचा खोकला जिवावर बेतू शकतो. त्या दिवसांत फोनवर इयादत करा, दारात डबा ठेवून या. आणि जकात: तिच्या आठ हक्कदारांत गरीब आहेत, गरजू आहेत आणि वाटेत अडलेला मुसाफिरही आहे. घर सोडून परळच्या फूटपाथवर पथारी टाकलेलं कुटुंब यातलं कोण नाही? रमजानमध्ये जकात काढताना खोलीभाडं, टॅक्सी आणि जेवण यांचाही हिशेब धरा. औषधासाठी योजना असते, या खर्चाला बहुतेक वेळा काहीच नसतं.

शेवटी काम. माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक गावात तिघांनी पुढे यावं. एकाने योजनांचे कागद शिकून घ्यावेत. एकाने रक्तदात्यांची यादी ठेवावी, त्यात प्लेटलेट देणाऱ्यांची वेगळी, कारण प्लेटलेट साधारण पाचच दिवस टिकतात आणि ऐनवेळी माणूस शोधावा लागतो. तिसऱ्याने फक्त सोबत जावं, बाकावर त्या मुलाशेजारी बसावं. रुग्ण मुलगी असेल तर सोबत मुलगीच जावी. आणि रुग्ण कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे यादीत लिहायचं नाही.

दुआ तर करूच. पण दुआ करून उठल्यावर त्या पोराला फोन करा आणि विचारा, ‘उद्या किती वाजता निघायचं?’