यंत्रमानवाचे अध्ययन आणि त्याची कर्मभूमी



एखाद्या विद्येविषयी मोघम बोलण्यापेक्षा ती जिथे नांदली आणि वाढली त्या स्थळाचा वृत्तांत सांगणे अधिक उपकारक, असे मानणारा मी असल्यामुळे, यंत्रमानवविद्येच्या अध्ययनाचा विचार आज मी पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या आधाराने मांडणार आहे. एके काळी पोलादाच्या भट्ट्यांनी काळवंडलेल्या या अमेरिकन नगरात १९७९ साली रोबोटिक्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली. आंध्रातील काटूर या खेड्यात जन्मलेले, गिंडीच्या महाविद्यालयातून स्थापत्याची पदवी घेऊन बाहेर पडलेले आणि पुढे स्टॅनफर्डला जॉन मॅकार्थी यांच्या मार्गदर्शनाखाली संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेले राज रेड्डी हे तिचे पहिले संचालक झाले.

स्वतंत्र संस्थेची गरज का भासली, हे समजण्यासारखे आहे. यंत्राचा हात कोठवर पोहोचेल हे यंत्रशास्त्र सांगते, मोटारीला किती प्रवाह द्यावा हे विद्युतशास्त्र ठरविते, आणि समोरच्या वस्तूचे आकलन कसे व्हावे हा संगणकशास्त्राचा प्रांत. परंतु त्या हातातून काचेचा पेला निसटून फुटला, तर अपराध कोणाचा, याचा निवाडा यांपैकी कोणत्याही एका खात्याच्या दप्तरी होत नाही. तिन्ही खात्यांच्या हद्दी ज्याला ओलांडता येतात, असा विद्यार्थी घडविणे हेच त्या संस्थेचे प्रयोजन होते.

तथापि मला सर्वांत मोलाचे वाटते ते तेथील संशोधक विल्यम व्हिटेकर यांचे कार्य. संस्था निघाली त्याच वर्षी, त्याच पेनसिल्व्हेनिया प्रांतात, थ्री माइल आयलंडच्या अणुवीजकेंद्रात अपघात झाला आणि तेथील तळघर किरणोत्सारी पाण्याने भरून मनुष्यास दुर्गम झाले. त्या तळघरात पुढे जे चाकांचे यंत्र दोराने सोडण्यात आले, ते व्हिटेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले होते. त्यानंतरची कथा ज्वालामुखीची. १९९३ साली कोलंबियातील गालेरास पर्वताच्या विवरात निरीक्षणासाठी उतरलेले सहा शास्त्रज्ञ उद्रेकात सापडून प्राणास मुकले, यावरून अशा ठिकाणी यंत्र पाठविण्याची निकड किती होती ते ध्यानात येईल. त्याच वर्षी या संस्थेचे दान्ते नावाचे अष्टपाद यंत्र अंटार्क्टिकातील इरेबसच्या मुखात उतरू लागले, आणि काही पावले जाते न जाते तोच ज्या काचतंतूच्या केबलवाटे त्याला आज्ञा मिळत होत्या ती केबलच तुटली! पाय शाबूत होते, गणित निर्दोष होते. दगा दिला तो केबलीने. पुढच्याच वर्षी दुसरा दान्ते अलास्कातील स्पर पर्वताच्या विवरात तळापर्यंत पोहोचला, त्याने तेथील वायूंची मापे वर पाठविली, आणि परतीच्या चढणीवर तो कलंडला. केबलीच्या तुटण्याने जे शिकविले ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडले नसते, असे माझे निश्चित मत आहे.

आपल्याकडे मात्र शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी प्रयोगशाळेच्या गुळगुळीत फरशीवर काळ्या पट्टीमागून धावणारी चिमुकली गाडी दाखवितो, अहवाल बांधून दाखल करतो आणि उत्तीर्ण होतो. त्याची बुद्धी उणी आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या यंत्राला चिखल, पाणी, धूळ यांची गाठ कोणी घालूनच देत नाही म्हणून. याउलट केरळातील काही तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारे बँडिकूट नावाचे यंत्र बनविले आणि २०१८ साली तिरुवनंतपुरमात ते कामाला लागले. गटारात उतरून गुदमरणाऱ्या माणसांच्या वार्ता आपल्या वर्तमानपत्रांतही वारंवार येत असताना, तसा विषय आमच्या महाविद्यालयांना परका का वाटावा? यंत्रमानवाच्या प्रकल्पाची अंतिम परीक्षा महापालिकेच्या एखाद्या तुंबलेल्या मॅनहोलपाशी घ्यावी, आणि परीक्षक म्हणून प्राध्यापकाच्या जोडीला एका अनुभवी सफाई कामगाराची रीतसर नेमणूक करून त्यालाही गुण देण्याचा अधिकार असावा, अशी तजवीज आपल्या विद्यापीठाने येत्या वर्षापासून करावी, ही माझी मागणी आहे.