घरचा नाच आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य



आपल्या मुली आजीला, वडिलांना सोबत घेऊन नाचाच्या चित्रफिती काढतात व त्या साऱ्या जगास दाखवितात, अशी तक्रार मजकडे वारंवार येते. तक्रार करणाऱ्यांनी मंगळागौरीचे स्मरण करावे. सासू-सुनांनी मिळून फुगडी घालावी, झिम्मा खेळावा, हा आपल्याच घरचा आनंद होय. मुलगी शिकविते आणि वडील चुकत, हसत पावले टाकतात, यात कुलास कमीपणा कसला?

चिंतेचे कारण निराळे आहे. मंगळागौरीस ओळखीची माणसे जमतात. येथे पाहणारे अनोळखी. अमेरिकेतील चार्ली डिॲमेलिओ आईवडील व बहिणीसह टिकटॉकवर नाचे. २०२० च्या नोव्हेंबरात, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिचे १० कोटी फॉलोअर झाले; आणि त्याच महिन्यात घरच्या जेवणाच्या एका चित्रफितीवरून लोकांनी तिला इतके शिव्याशाप दिले की, तिला रडू आवरेना.

म्हणून वडीलधाऱ्यांनी नाचास बंदी न करता लक्ष ठेवावे. आजीच्या संमतीवाचून तिची चित्रफीत बाहेर जाऊ नये. अभ्यास मागे पडू नये. आणि कोणी हीन शेरा मारिला, तर मुलीस बोल न लावता तिच्या पाठीशी उभे राहावे, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.