टॅबवरचा स्क्रीनशॉट : पुरावा आपल्या हातात
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढे "स्क्रीनशॉट" एवढाच एक शब्द आहे. स्क्रीनचा फोटो काढायचा, त्यात शिकायचं काय, असं काही जणींना वाटत असेल. पण सातारा असो की सांगली, गटागटांतून फिरताना जे वाद कानावर येतात, त्यातल्या बऱ्याच वादांच्या मुळाशी एकच गोष्ट असते. पैसे भरलेत, अर्ज केलाय, पण दाखवायला हातात काही नाही.

एका गटाचं सांगते, गावाचं नाव नको. कोषाध्यक्ष ताईंनी कर्जाचा हप्ता मुलाच्या फोनवरून भरला. पैसे गेल्याचं स्क्रीनवर दिसलं, ताई निश्चिंत झाल्या. दुसऱ्या दिवशी मुलगा फोन घेऊन पुण्याला नोकरीवर गेला. पुढच्या बैठकीत कळलं, की गटाच्या कर्जखात्यावर हप्ता जमाच नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण कुजबुज सुरू झाली. सात वर्षं पै-पैचा हिशोब चोख ठेवणारी बाई, ती बैठकीत मान खाली घालून बसू लागली. शेवटी मुलानं त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावरच्या नंबरावरून शोध लागला, रक्कम भलत्याच खात्याला लागली होती. पैसे मिळाले. पण मधले पंधरा दिवस त्या ताईंना कोण परत देणार? तोच फोटो त्याच दिवशी गटाकडे आला असता, तर विषय तिथंच मिटला असता.

म्हणून आज हे शिकूया. आणि हे शिकलेल्या पोरींचं काम आहे, असं कुणी म्हणू नका. आपल्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. चेतना सिन्हा आणि त्यांच्यासोबतच्या बायकांनी आधी अर्ज केला, तेव्हा बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता. त्या बायका अक्षरं शिकल्या आणि परत गेल्या. वर अधिकाऱ्यांना सांगितलं, की व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी विचारा. ज्या मातीत हे झालं, तिथं आपल्याला दोन बटणं दाबणं जड जाईल का?

आता टॅब हातात घ्या. गटाच्या नोंदी करायला सीआरपी ताईंकडे असतो तो बहुतेक अँड्रॉइडचा असतो. त्याच्या कडेला टॅब चालू-बंद करायचं बटण आहे आणि आवाज कमी-जास्त करायचं बटण आहे. चालू-बंदचं बटण आणि आवाज कमी करायची बाजू, दोन्ही एकाच वेळी दाबायची आणि लगेच सोडायची. स्क्रीन लुकलुकते, कोपऱ्यात छोटा फोटो दिसतो. झालं काम! एक आधी आणि एक नंतर दाबलं, तर नुसता आवाज कमी होतो नाहीतर स्क्रीन बंद होते. भाकरी थापताना दोन्ही हात बरोबर चालतात ना, तसंच हे. दोन-चारदा करून बघितलं की बसतं.

काही ठिकाणी टॅबला की-बोर्ड जोडलेला असतो, कारण मराठीत मोठी माहिती भरायला ते सोपं पडतं. की-बोर्डवर वरच्या रांगेत उजवीकडे एक बटण बघा, त्यावर पी-आर-टी-एस-सी अशी इंग्रजी अक्षरं असतात. हे प्रिंट स्क्रीनचं बटण. अँड्रॉइडच्या टॅबवर बहुतेक वेळा हे एकच बटण दाबलं की फोटो निघतो. लहान की-बोर्डवर तेच बटण दोन कामांचं असतं, तिथं खाली डाव्या बाजूचं एफ-एन दाबून धरायचं आणि मग ते दाबायचं.

ग्रामसंघाच्या कार्यालयात विंडोजचा टॅब किंवा लॅपटॉप असेल, तर खिडकीचं चित्र असलेलं बटण दाबून धरा आणि प्रिंट स्क्रीन दाबा. स्क्रीन क्षणभर अंधुक होते आणि फोटो "पिक्चर्स"मधल्या "स्क्रीनशॉट्स" या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तर तो तिथं सापडेलच असं नाही, म्हणून खिडकीचं बटण विसरू नका. अख्खी स्क्रीन नको, फक्त पावतीएवढा भाग हवा असेल, तर खिडकीचं बटण, शिफ्ट आणि एस ही तिन्ही एकदम दाबा आणि हवा तो चौकोन ओढून घ्या. कुणाच्या लेकीकडे आयपॅड असेल, तर त्याच्या की-बोर्डवर कमांड, शिफ्ट आणि ३ दाबायचं.

अँड्रॉइडच्या टॅबवरचा फोटो गॅलरीत "स्क्रीनशॉट्स" नावाच्या कप्प्यात असतो. काढल्याबरोबर उघडून बघा. अर्धी पावती आली असेल तर ती काय कामाची?

आता कशाकशाचा काढायचा, ते सांगते.

पहिलं, पैसे भरल्यावर. रक्कम, तारीख, कुणाला गेले ते नाव आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार नंबर, चारही दिसले पाहिजेत. बँक शोध घेते तो त्या नंबरावरून.

दुसरं, अर्ज भरल्यावर. २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीणचे अर्ज भरायला किती धावपळ झाली, आठवतं ना? अर्ज दुसऱ्याच्या मोबाईलवरून भरलेला असला, की पुढं "माझा अर्ज क्रमांक काय" म्हणून दारोदार विचारत फिरावं लागतं. कुठलीही योजना असू दे, अर्ज जमा झाल्याचा संदेश आणि क्रमांक तिथंच टिपून घ्या.

तिसरं, ॲप अडल्यावर. लोकोसवर नोंद करताना इंग्रजीत लाल अक्षरं येतात आणि गाडी थांबते. "ताई, होत नाहीये" असं फोनवर सांगितलं, तर मलाही कळत नाही काय अडलं. तो फोटो पाठवा, निम्मं काम तिथंच होतं.

चौथं, कुणी त्रास दिला तर. झटपट कर्ज देणारी काही फसवी ॲप फोनमधले नंबर काढून घेतात आणि नातेवाइकांना घाणेरडे मेसेज पाठवून धमकावतात. बाई घाबरते आणि सगळं पुसून टाकते. पुसू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मूळ मेसेजही तसाच ठेवा आणि मगच नंबर ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. आणि एकटीनं सोसू नका, गटात सांगा. गट फक्त बचतीसाठी नसतो.

कशाचा काढायचा नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. ओटीपी आणि एटीएम कार्ड यांचा फोटो कुणी मागितला तरी काढायचा नाही, पाठवायचा नाही. पैशाच्या ॲपमध्ये कधीकधी "सुरक्षेमुळे स्क्रीनशॉट घेता येत नाही" असं येतं. तिथं टॅब बिघडलेला नाही, ॲप तुमचंच रक्षण करतंय. आधार द्यायची वेळ आलीच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार मिळतं, ते चालतं का विचारा.

आपला टॅब चार हातांतून फिरतो. एखादीचं कर्ज किती, हप्ता कुणाचा थकलाय, हे त्यातल्या फोटोत असतं. तिला विचारल्याशिवाय ते व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. काम झालं की ज्या गटाचा फोटो त्या गटाला द्या आणि टॅबमधून काढून टाका.

आता विक्री करणाऱ्या बायकांसाठी. प्रदर्शनात हळद, बेदाणा, लोणचं, चटणी विकताना गिऱ्हाईक मोबाईल समोर धरतं, "हे बघा, पैसे गेले." अशी चित्रं खोटीही बनवता येतात. दुसऱ्यानं दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या खात्यात जमा झालेलं बघा, नाहीतर स्कॅनरजवळचा आवाजाचा डबा बोलू द्या, मगच पिशवी हातात द्या. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पाठच करून ठेवा.

शेवटची गोष्ट वहीची. फोन हरवतो, टॅब बिघडतो, गॅलरीत हजार फोटोंत एक फोटो सापडत नाही. दशसूत्रीत नियमित हिशोब लेखन आहे ते उगाच नाही. स्क्रीनशॉट काढला की त्यावरचा नंबर, तारीख आणि रक्कम पेनानं गटाच्या वहीत लिहा आणि शेजारी दोघींच्या सह्या घ्या. फोटो आणि वही दोन्ही बोलायला लागले, की कुणाच्या चोख हिशोबावर बोट ठेवायला जागा राहत नाही.

आज जाण्याआधी प्रत्येक गटातल्या दोघींनी माझ्यासमोर एक-एक स्क्रीनशॉट काढून दाखवायचा आहे. त्यातली एक साठीच्या पुढची असावी, ही माझी अट. आणि पुढच्या गटबैठकीत त्या दोघींनी बाकीच्या आठ जणींना शिकवायचं.

जय सावित्री, जय जिजाऊ!