खनिजाची वाट आणि वाटेवरची गावे



खनिजाच्या निर्यातीचा विषय निघाला की प्रथम बंदराचा आणि परकीय चलनाचा विचार होतो. मी आज त्याआधीच्या काही मैलांविषयी बोलणार आहे. उदाहरण शेजारच्या गोव्याचे घेतो. आपल्या सिंधुदुर्गात रेडी येथे खाण आणि बंदर जवळजवळ आहेत. गोव्यात तसे नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील लोहखनिज मुरगाव बंदरापर्यंत न्यावे लागते.

निसर्गाने तेथे मोठी सोय करून ठेवली आहे. मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठी धक्क्यांवर खनिज बार्जमध्ये भरावयाचे आणि भरतीचे पाणी साधून बंदर गाठावयाचे, अशी ही व्यवस्था. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा आडवा येतो. तेव्हा बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरतात. मुरगाव बंदरात १९७९ मध्ये खनिज जहाजावर चढविण्याची यांत्रिक व्यवस्था कार्यान्वित झाली. पुढे २०१६ च्या अधिनियमाने या दोन्ही नद्या व तो कालवा राष्ट्रीय जलमार्ग ठरले. बंदरात घातलेल्या सार्वजनिक पैशाचे फळ मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु खाणीपासून नदीच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता पुष्कळ ठिकाणी गावचाच राहिला. दोन हजार टनांची एक बार्ज भरावयाची तर दहा टनी ट्रकच्या दोनशे खेपा होतात, आणि रिकामे ट्रक परतावयाचे ते त्याच रस्त्याने. म्हणजे एका बार्जमागे शाळेवरून चारशे वेळा ट्रक गेला! २०१०-११ मध्ये गोव्यातून झालेली निर्यात पाच कोटी टनांच्या वर होती. भातशेतीवर बसणारी तांबडी धूळ आणि रस्त्यावरचे अपघात हे त्याच हिशेबाचे भाग होत. मात्र बंदराच्या अहवालात त्यांना रकाना नसतो.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले. २०१४ मध्ये ते सुरू करण्यास मुभा देताना वार्षिक दोन कोटी टनांची अंतरिम मर्यादा घातली. २०१८ मध्ये पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन काम पुन्हा बंद पडले, आणि २०२२ मध्ये लिलावाने पट्टे देण्यास प्रारंभ झाला. या मधल्या काळात ट्रकमालक आणि बार्जवरील कामगार यांचीही ओढाताण झाली. ज्या गावाला धुळीचा त्रास, त्याच गावाची चूलही ट्रकवर चाले, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

पैशाची वाट अगदीच नाही असे नव्हे. गोव्याने २००० मध्ये ग्रामीण सुधारणा व कल्याण उपकराचा कायदा केला. २०१५ पासून देशभर खाणपट्टेधारकांना जिल्हा खनिज प्रतिष्ठानात अंशदान द्यावे लागते. तो निधी प्रामुख्याने पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांसाठी असून रस्त्यांनाही त्यातून वाटा मिळू शकतो. तेव्हा पंचायत सदस्यांनी या निधीचे आराखडे मागवून वाचावेत.

केवळ खनिजवाहतुकीसाठी वेगळा बाह्यमार्ग काढावा, ही सूचना गोव्यात वेळोवेळी पुढे आली. ती योग्यच आहे. मात्र असा मार्गही कोणाच्या तरी शेतातून, कुळागरातून जाणार. त्याची आखणी ग्रामसभेपुढे यावयाची ती धक्का मंजूर होण्यापूर्वी. धक्का बांधून झाल्यावर ट्रक थांबत नाहीत.