ट्रकला सहा चाकं असतात

(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



निवृत्तीनंतर काय करतोस ते पंधरा मिनिटांत सांग, असा संयोजकांचा हुकूम आहे. माझ्या आधी कुणी बागेबद्दल बोललं, कुणी नातवंडांबद्दल. मी जुना ट्रक दुरुस्त करतो. एकच, पण त्याचं वजन तुमच्या सगळ्यांच्या नातवंडांपेक्षा जास्त भरेल.

जुन्या मोटारी आपल्याकडे टिकल्या. संस्थानिकांच्या होत्या, व्यापाऱ्यांच्या होत्या, रात्री गॅरेजमध्ये झोपत होत्या. ट्रकला गॅरेज कुठलं? पहिला मालक सांगली-मुंबई चालवायचा, त्याने थकल्यावर विकला की दुसरा मालक आठवडा बाजाराला लावायचा, तिसरा खडी क्रशरला, चौथा वीटभट्टीला. चासी वाकेपर्यंत काम, मग भंगारात किलोवर. पुढचा-मागचा ॲक्सल निघून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जायचा. आपल्या भागात उसाच्या ट्रॉली मोजत निघालात तर त्यांच्याखाली साठ-सत्तर सालचे किती ट्रक सापडतील! वस्तू इतकी वापरली गेली की शिल्लकच राहिली नाही. आपलं सगळं तालुक्याचं अर्थकारण ज्याच्या पाठीवरून मुंबईला गेलं, हळद, गूळ, शेंगा, नंतर तासगावची द्राक्षं, तो ट्रक आज दाखवायचा म्हटला तर सापडत नाही. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, ते जरूर बघा, फार छान आहे. पण हळदीची पोती काही रणगाड्याने नेली नव्हती.

माझा ट्रक एका वीटभट्टीच्या मागे, घाणेरीच्या झुडपात सापडला. लांब नाकाचा, गोल बॉनेटचा, टाटा मर्सिडीज-बेंझ एल ३१२, १९६५ चा.

तरुण मंडळींना हे नाव ऐकून गंमत वाटते, म्हणून थोडा इतिहास. टेल्को १९४५ साली जमशेदपूरला सुरू झाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार झाला आणि त्याच वर्षी पहिला ट्रक बाहेर पडला. करार पंधरा वर्षांचा. १९६९ पर्यंत या ट्रकांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता, त्यानंतर तिथे टाटांचा 'टी' आला. म्हणजे आपण दहावी-अकरावीत असताना रस्त्यावर दोन्ही दिसायचे. आज मर्सिडीज म्हटलं की डॉक्टर आणि बिल्डर आठवतात. आपल्या गावात पहिल्यांदा मर्सिडीज आली ती शेंगांची पोती घेऊन.

इतर घराणीही होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज आणि फार्गो, हिंदुस्तान मोटर्सची बेडफर्ड, मद्रासकडची लेलँड कॉमेट. लेलँड हे इंग्लंडमधल्या एका गावाचं नाव आहे आणि त्या गावात आज व्यापारी वाहनांचं अख्खं संग्रहालय आहे. ब्रिटनमध्ये जुने ट्रक, बस, टेम्पो घेऊन लोक लंडनहून ब्रायटनला फेरी काढतात. अमेरिकेत १९७१ पासून फक्त ट्रकच्या इतिहासाला वाहिलेली संस्था आहे. हे सांगायचं कारण इतकंच की हे वेड मला एकट्याला लागलेलं नाही. माझ्या घरी तसा समज आहे.

आता इंजिन. सहा सिलिंडर, ४.६ लिटर, ताकद साधारण १०० अश्वशक्ती. आज पाच माणसांची चारचाकी एवढ्या ताकदीवर फिरते. या ट्रकने एवढ्यावर पोती भरून खंबाटकी चढायचा. कसा चढायचा, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे: पहिला गिअर, बैलाच्या चालीने, आणि क्लीनर हातात लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाशेजारून पायी. ट्रक थांबला की ठोकळा चाकाखाली. वर पोचल्यावर रेडिएटर उकळलेला, आणि तो उतरेपर्यंत चहा.

बारा-तेरा वर्षं बंद असलेलं इंजिन कधी जोर लावून फिरवायचं नसतं. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि तेल ओतलं, तसंच आठ दिवस मुरू दिलं. मग फ्लायव्हीलला पहार लावून रोज थोडंथोडं. नवव्या दिवशी दोन बोटं हललं. त्या दिवशी मी घरी पेढे नेले, बायकोने विचारलं, "चालू झाला?" म्हटलं, "नाही, हलला."

हे इंजिन थंड असताना नुसत्या दाबावर पेटत नाही. प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग, आणि सहाही एका माळेत जोडलेले. एक जळाला की सगळे गार, लग्नाच्या मांडवातल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखं. डॅशबोर्डवर एक तारेची गुंडाळी असते, ती लाल झाली की समजायचं खाली सगळं ठीक आहे. वायरिंगचा नकाशा नसला तरी ती गुंडाळी खरं बोलते. पंपावरचा गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालतो, त्यात चामड्याचा पातळ पडदा असतो. तो फाटला की इंजिन स्वतःच्या मर्जीने पळत सुटतं आणि चावी बंद करून थांबत नाही. म्हणून पहिल्या वेळी इंजिन सुरू करताना एक माणूस हवेच्या तोंडाशी फळी घेऊन उभा ठेवला होता. वेळ आली नाही, पण उभा ठेवला होता.

तुमच्यातल्या कुणाला हा छंद लागलाच, तर दोन गोष्टी गंभीरपणे सांगतो. जुन्या ट्रकच्या चाकाला टायर धरून ठेवणारी वेगळी लोखंडी रिंग असते. हवा भरताना ती नीट बसलेली नसेल तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. माणसं गेली आहेत. पिंजऱ्यात ठेवून, लांब उभं राहूनच हवा भरा. आणि ब्रेक ड्रम उघडलात की त्यातली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या.

चासी, इंजिन, गिअरबॉक्स यांचं एक बरं असतं. पुस्तकं मिळतात, माप मिळतं, बंगळूरच्या मायकोच्या जुन्या पंपाचे सुटे भाग अजून कुणाकुणाच्या ट्रंकेत निघतात. अडलं ते केबिनपाशी.

कारखान्यातून त्या काळी केबिन यायचीच नाही. चासी, इंजिन, बॉनेट, स्टिअरिंग आणि चाकं एवढंच यायचं. ड्रायव्हर खोक्यावर बसून, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला उपरणं बांधून, पार जमशेदपूरहून तो सांगाडा उघड्यावर चालवत गावी आणायचा. मग गावातला सुतार, लोहार आणि पत्रेवाला मिळून त्याला घर बांधायचे. त्यामुळे जर्मन इंजिनाच्या ट्रकचं तोंड सांगलीत वेगळं, कोल्हापुरात वेगळं, पंजाबात तर अगदीच वेगळं. माझ्या ट्रकची केबिन कुजून खाली बसली होती. पत्रा उचलला की लाकडाचा भुसा सांडायचा. जर्मनीला पत्र लिहून हिचा नकाशा मिळणार नव्हता. तो कधी काढलाच गेला नव्हता.

तो होता आपल्या 'क' तुकडीत, मागून दुसऱ्या बाकावर. त्याने नाव घेऊ नकोस म्हणून बजावलंय, पण तुम्ही सगळे आता त्याच्याकडेच बघताय. त्याच्या वडिलांचा मिरज रस्त्याला केबिन बांधायचा अड्डा होता, आणि शाळा सुटल्यावर हा तिथे रंधा मारायचा. आपल्याला वाटायचं हा अभ्यास करत नाही. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने केबिनची काम सोडून वीस वर्षं झाली होती. ट्रकभोवती एक फेरी मारली, उरलेल्या एका खांबावर हात फिरवला आणि म्हणाला, "हे आमच्या अण्णांचं काम नाही. पण माणूस शहाणा होता."

मग त्याने माळ्यावरून वडिलांचे फर्मे काढले. छताच्या कमानीचा एक, दाराच्या खांबाचा एक, समोरच्या काचेच्या चौकटीचा एक. माप सगळं इंच आणि सुतात. खांब खालच्या तुळईत खिळ्याने ठोकायचे नाहीत, खाचेत खुंटी बसवून जोडायचे. का, ते विचारलं. "चासी खड्ड्यात पिळते. लोखंडी केबिन असली तर तडकते. लाकडी नुसती कुरकुरते आणि परत जागेवर येते. कुरकुरू द्यायला जागा ठेवायची." हे मी चाळीस वर्षं इंजिनिअरिंग करून कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. सीटला मी फोम घालू म्हटलं तर म्हणाला, "ट्रक करतोयस का दिवाणखाना?" काथ्याच घातला. अकरा महिने लागले. त्याचा हात आता थरथरतो. करवत लाकडात शिरली की थांबतो.

रंगाचीही एक गोष्ट सांगतो. खरवडताना सात थर निघाले. वरून हिरवा, मग लाल, मग पुन्हा हिरवा, सगळ्यांत खाली निळा. निळ्यावर कपाळपट्टीला 'पब्लिक कॅरिअर' अशी अक्षरं. १९३९ च्या मोटार कायद्यात भाड्याने माल नेणाऱ्याला तसा परवाना असायचा, स्वतःचाच माल नेणाऱ्याला 'प्रायव्हेट कॅरिअर'. १९८८ च्या कायद्याने ते शब्द गेले. आम्ही निळाच रंग दिला आणि ती अक्षरं तशीच पुन्हा काढून घेतली. तारा लावायचा की नाही यावर बराच वाद झाला. नाकावर दोन भोकं होती, तारा नव्हता. बाहेर नवा चकचकीत तारा मिळतो. आम्ही भोकं तशीच ठेवली. तो कुणीतरी काढून नेला, हाही त्या ट्रकचाच इतिहास आहे. ज्यांना खोटा तारा आवडतो त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण माझ्या ट्रकवर नको.

आता खरी अडचण. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नवी नोंदणी २० हजार रुपयांत, दहा वर्षांसाठी. रोज चालवायची नाही, धंद्याला लावायची नाही. आनंदाने कागद घेऊन एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "चाकं किती?" म्हटलं, "सहा." त्यांनी नियमावर बोट ठेवलं. तिथे दुचाकी आहे, चारचाकी आहे. मालवाहू सहाचाकी जपावीशी कुणाला वाटेल, हे नियम लिहिणाऱ्याच्या मनात आलं नसावं. त्या गृहस्थांचा मला राग नाही. त्यांनी चहा दिला.

त्यामुळे आज हा ट्रक मैदानावर आलाय तो दुसऱ्याच्या ट्रेलरवर चढून. इंजिन ठणठणीत, ब्रेक नवे, आणि शाळेच्या फाटकापर्यंत मात्र पाठुंगळी. मी आणि आणखी काही छंदिष्ट मिळून नियमात मालवाहू वाहनांचा समावेश व्हावा म्हणून अर्ज करणार आहोत. तुमच्यात निवृत्त सचिव आहेत, वकील आहेत, एक माजी आमदार आहेत. जेवताना मला टाळू नका.

पण कायदा आज ना उद्या बदलेल. मला घाई आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. केबिनचे ते फर्मे तीनच आहेत. बाकी पंचवीस-तीस लाकडं कुठे किती तासायची, कुठे खाच, कुठे किती सूत ढील, हे आपल्या 'क' तुकडीवाल्याच्या डोक्यात आहे. त्याची मुलं या धंद्यात नाहीत, आणि असावीत असं तोही म्हणत नाही. आता सगळं वेल्डिंगचं काम. ट्रक मी अजून दहा वर्षं सांभाळेन, तो पुन्हा कुजला तर बांधणार कोण आणि कशावरून?

दिवाळीनंतर आम्ही केबिनचं एकेक लाकूड मोजून त्याची रेखाटनं करायला बसणार आहोत. तो सांगणार, मी टेप धरणार. आम्हाला दोघं-तिघं चित्र काढणारे पाहिजेत. कुणाची नात पॉलिटेक्निकला असेल, कुणाचा पुतण्या आर्किटेक्ट असेल, त्यांना आठवड्यातून एक रविवार पाठवा. जेवण माझ्याकडे. तुमच्या घरी वडिलांचा, काकांचा ट्रकसोबतचा फोटो असेल, अगदी कोपरा फाटलेला, तोही द्या. केबिनच्या आतल्या बाजूचा फोटो तर कुणाकडेच मिळत नाही. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात 'ड्रायव्हर' लिहिताना आपल्यातले काहीजण हात आडवा धरायचे, मला आठवतंय. त्यांच्याच घरी हे फोटो असणार.

आणि ड्रॉइंगचे सर इथे बसलेत. सर, प्लॅन, एलिव्हेशन, साइड व्ह्यू तुम्हीच शिकवलंत, आणि रेघ जाड आली की कागद फाडून हातात द्यायचात. ही रेखाटनं तपासायला तुमच्याकडेच आणणार आहोत. खोडरबर आम्ही घेऊन येऊ.